साठ रुपयांची कुकी महाग नाही, तीस रुपयांची महागात पडते

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कटरने कुकी कापली आणि तिच्यावर फोंडंटचा पातळ थर चढवला. कृती तिथे सगळी दाखवली आहे, त्यामुळे इथे परत लिहीत नाही. इथे मला माझं मत मांडायचं आहे, आणि ते काही जणींना खटकेल हे मला माहीत आहे.

मत असं: नागपुरात घरून फोंडंट कुकीचा धंदा चालू शकतो. पण तो वर्षाचे बारा महिने एकसारखा चालत नाही, दहा-बारा आकार ठेवून चालत नाही, आणि ३० रुपयांना एक कुकी विकून तर अजिबातच नाही. तुम्ही ३० रुपयांना विकत असाल तर तुम्ही धंदा करत नाही आहात. घरचं बटर, घरची वीज आणि स्वतःची कंबर लावून दुसऱ्याच्या लेकराचा वाढदिवस सजवून देत आहात.

रागावू नका. वही घ्या, हिशोब मांडू.

२४ कुकीज धरू, ३ इंची. कणकेचं प्रमाण सोपं आहे, वजनाने तीन-दोन-एक: मैदा ३०० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम. झाला ६०० ग्रॅम गोळा, म्हणजे एक कुकी २५ ग्रॅमची. बटर ६०० रुपये किलो धरलं तर १२० रुपये. मैदा १५, साखर ५, व्हॅनिला वगैरे ५. इथे झाले १४५. फोंडंट एका कुकीला साधारण १२ ग्रॅम लागतं, तर ३०० ग्रॅम घ्या, ३०० रुपये किलोने ९० रुपये. रंग आणि लाटताना लागणारं कॉर्नफ्लोअर १०. ओव्हनची वीज २०. आणि आता ते, जे बहुतेक जणी धरतच नाहीत: पारदर्शक पाकीट, रिबन, लेबल, खालचा पुठ्ठा. एकीला ७ रुपये, म्हणजे १६८. बघा, बटरपेक्षा पॅकिंग जास्त झालं! एकूण ४३३. तुटफुटीचे दहा टक्के धरा (वाघाची शेपटी तुटतेच), म्हणजे ४७६. एक कुकी २० रुपयांना पडली. भाव तुमच्या दुकानाचे टाका, आकडा थोडा इकडेतिकडे होईल.

आता घड्याळ. मळणं, लाटणं, कापणं, भाजणं २ तास. फोंडंट मळून रंगवणं, कापणं, चिकटवणं दीड तास. डोळे, पट्टे, फुलं, नाव असं बारीक काम एका कुकीला ६ मिनिटं, म्हणजे २४ कुकीजना २ तास २४ मिनिटं. पॅकिंग १ तास. आणि गिऱ्हाइकाशी व्हॉट्सअ‍ॅपवर "गुलाबी जरा फिका चालेल का" हे चालतं ते अर्धा तास. ७ तास २४ मिनिटं झाली.

३० रुपयांनी २४ कुकीजचे ७२० आले. ४७६ वजा करा. हातात २४४ रुपये. तासाला ३३. आता शेजारी हा आकडा ठेवा: रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रातली मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होती. उन्हात माती उचलणाऱ्या माणसाला सरकार जे देतं त्याहून कमी तुम्ही स्वतःला देताय, आणि वरून ओव्हन तुमचा.

"पण सर, आमच्याकडे ६० रुपयांना कोण घेणार? गिऱ्हाईक म्हणते, बिस्किटच तर आहे!"

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो. माझं उत्तर दरवेळी एकच असतं: हलव्याचे दागिने बघा. संक्रांतीला नव्या सुनेला, बोरन्हाणाला लेकराला आपण साखरेच्या दाण्यांचे दागिने घालतो. मुकुट, हार, बाजूबंद, मुलीला बिंदी, मुलाला हातात बासरी. त्यात साखर आणि तीळ-साबुदाणा किती रुपयांचा असतो? फार थोडा. तरी कोणी बाई दुकानात उभी राहून "साखर काय भावाने लावली" असं विचारत नाही. तिला दिसतं की एकेक दाणा पाकात फिरवून काटे आणलेत, मग दोऱ्यात गुंफलेत, बोटं भाजलीत. तो दिवस परत येणार नाही हेही तिला माहीत असतं. मराठी घरांतल्या बायका हा उद्योग घरूनच करत आल्या आहेत, पिढ्यान् पिढ्या, आणि त्यांनी किलोचा भाव कधी लावला नाही. सेटचा लावला.

फोंडंट कुकी हलव्याच्या दागिन्यांची बहीण आहे, पारले-जीची नाही. तुम्ही स्वतःच तिला बिस्किटाच्या रांगेत उभं केलंत तर गिऱ्हाइकाला दोष काऊन द्यायचा? नग विकणं बंद करा. सहाचा डबा विका, बाराचा डबा विका, "बोरन्हाण सेट", "बारसं सेट" असं नाव द्या. भाव डब्याचा सांगा.

आणि सगळा भार गिऱ्हाइकावरही टाकू नका. वेळ तुम्ही कमी करू शकता. तोच हिशोब ७० रुपयांनी केला, सहा मिनिटांच्या बारीक कामासकट, तर तासाला १६३ रुपये सुटतात. आता बारीक काम दोन मिनिटांवर आणा. हाताने डोळे-मिशा काढण्याऐवजी ठसा उमटवणारा कटर वापरा, रंग दोनच ठेवा, नाव प्रत्येक कुकीवर न लिहिता डब्यातल्या एकाच मोठ्या कुकीवर लिहा. एकूण वेळ ५ तास ४८ मिनिटांवर येतो. ही साधी कुकी ६० रुपयांना विकली तरी तासाला १६६ सुटतात. म्हणजे दहा रुपयांनी स्वस्त देऊन तुम्ही थोडं जास्तच कमावलं, आणि मान-पाठ वाचली ती वेगळी. इन्स्टाग्रामवरच्या तीन थरांच्या युनिकॉर्नच्या मागे लागणाऱ्या ताईंनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

नागपूरची हवा तुमची भागीदार आहे

बाहेरच्या शहरांतल्या बेकिंग शिक्षकांचे व्हिडिओ बघून शिकलेल्यांना इथे धक्का बसतो. फोंडंट म्हणजे मुख्यतः साखर, सोबत ग्लुकोज, ग्लिसरीन आणि डिंकासारखा पदार्थ. साखर हवेतलं पाणी ओढते. हवा कोरडी तर फोंडंट गुणी बाळ, हवा दमट तर चिकट कारटं.

आता आपला मे महिना घ्या. बाहेर ४५ अंश, नवतपा जवळ आलेला, आणि घरात कूलर. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा नाही, पण कूलर काय करतो? ओल्या खसाच्या ताट्यांतून हवा खेचून पाणी खोलीत सोडतो. आपल्याला गार वाटतं, फोंडंटला घाम फुटतो. कूलर बंद केला तर बटर वितळतं, कुकीचे काठ ओव्हनमध्ये पसरतात आणि तुमचा फुलपाखरू पापडासारखा दिसतो. एसीची खोली असेल तर तिथे काम करा. नसेल तर पहाटे पाचला उठून कणीक लाटा, कापलेले आकार ट्रेसकट पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि थंडगारच ओव्हनमध्ये सरकवा. फोंडंट लावलेली कुकी मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं आणि रंग ओघळतात.

आणि हो, नानकटाईच्या कृतीने कटरची कुकी करू नका. नानकटाईला सोडा हवा, तिने पसरायला हवं, तडकायला हवं, तीच तिची शोभा. कटरच्या कुकीत सोडा-बेकिंग पावडर जवळजवळ नकोच. १७० अंशावर १० ते १२ मिनिटं, काठाला सोनेरी छटा आली की बाहेर.

पावसाळ्यातही तीच गत. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे फोंडंटचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, रात्री गार. फोंडंट लावून कुकी रातभर जाळीवर ठेवली की सकाळी वरून बोट फिरवलं तरी ठसा उठत नाही. आणि नशीब बघा, गिऱ्हाईकही त्याच चार महिन्यांत! नाताळ, नवं वर्ष, लग्नं, संक्रांत, बोरन्हाण. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, शहर बाहेरच्या माणसांनी भरलेलं. त्यातच संत्र्याचा आंबिया बहार बाजारात.

संत्र्यावर जरा थांबतो, कारण इथे तुमच्याकडे असं काही आहे जे पुण्या-मुंबईच्या बेकरकडे नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावाला जाणारा माणूस संत्रा बर्फीचा डबा घेऊनच गाडीत बसतो. म्हणजे "नागपूरहून आणलं" म्हणून संत्र्याच्या चवीची वस्तू द्यायची सवय लोकांना आधीच लागलेली आहे, ती तुम्हाला लावायची नाही. कणकेत एका संत्र्याची किसलेली साल घाला (फक्त वरचा नारिंगी भाग, पांढरा आला की कडू), गोल कटर, नारिंगी फोंडंट, वर एक हिरवं पान. दोन मिनिटांच्या आत सजणारी याहून चांगली कुकी मला माहीत नाही. गोल कटर नसेल तर वाटी आहे.

उन्हाळ्या-पावसाळ्यात काय करायचं मग? फोंडंट सोडा, ठसा ठेवा. तान्हा पोळा बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदीबैल सजवून दारोदार जातात आणि आपण त्यांना बोजारा देतो. पैसे, चॉकलेट, खाऊ. एखाद्या फ्लॅट स्कीममध्ये पन्नास-साठ लेकरं सहज निघतात. नंदीच्या आकाराची, झुलीचा ठसा उमटवलेली साधी कुकी, एका पाकिटात एक. फोंडंट नाही, त्यामुळे भाद्रपदाच्या दमट हवेची भीती कमी. हवाबंद पाकीट मात्र पाहिजेच, नाहीतर मऊ पडते. सोसायटीच्या कमिटीला पोळ्याच्या तीन आठवडे आधी नमुना दाखवा. त्याच दिवशी काळी-पिवळी मारबतही निघते, आणि एका मुलाने मला विचारलं होतं की सर, मारबतीचा कटर बनवू का. नको बाप्पा! गावातली रोगराई, इडा-पिडा मारबतीबरोबर बाहेर काढायची, आणि तिचंच बिस्किट लेकराच्या हातात?

नंदीचा कटर तयार मिळेलच असं नाही. थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडून करून घेता येतो. तो बहुधा पीएलए नावाच्या प्लास्टिकचा असतो, गरम पाण्यात वाकतो, म्हणून कोमट पाण्यात हाताने धुवा आणि त्याच्या बारीक रेघांत कणीक अडकू देऊ नका. कणकेवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून वरून दाबलं तर काठही गोल येतात. पत्र्याचा कटर हवा असेल तर पत्र्याचं काम करणारा कारागीर पट्टी वाकवून देतो. शंकरपाळ्याचं कातण आणि मोदकाचा साचा ज्या घरात आहे, त्या घराला आकाराचं कौतुक नवीन नाही. पण कटर जमवायचा नाद लागतो, आणि तो साड्यांसारखा असतो. शंभर कटरचा सेट घेतलेल्या ताईंच्या घरी त्यातले पाच-सहाच वापरात दिसतात. तीन घ्या. ते भरून पावले की चौथा.

जिथे मी ऐकून घेणार नाही

वरचं सगळं मत आहे, वाद घाला. पुढचं मात्र मतावर सोडण्यासारखं नाही.

घरून एक डबा जरी विकला तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. कायदा २००६ चा आहे. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला परवाना नव्हता, साधी नोंदणी करायची होती, फी वर्षाला १०० रुपये होती. फॉसकॉस पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो. करण्याआधी पोर्टलवरचा चालू नियम आणि फी वाचून घ्या. १४ आकडी नंबर येतो, तो पाकिटावर छापायचा. एक दिवसाच्या क्लासचं प्रमाणपत्र भिंतीवर चांगलं दिसतं, पण ते नोंदणीच्या जागी चालत नाही.

दुसरं, हिरवा ठिपका. "एगलेस आहे" एवढं म्हणून भागत नाही. बऱ्याच फोंडंटमध्ये, विशेषतः मार्शमॅलोपासून केलेल्यात, जिलेटिन असतं, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून येतं. रॉयल आयसिंगची मेरिंग पावडर म्हणजे अंड्याचा पांढरा भाग. आपल्याकडच्या नियमात अंडंही मांसाहारी खुणेखाली येतं. आपल्या शहरात जैन, मारवाडी, माळकरी घरं किती आहेत! त्यांनी विश्वासाने डबा घेतला आणि आत जिलेटिन निघालं, तर ते गिऱ्हाईक गेलंच, त्याच्या ओळखीतली दहाही गेली. फोंडंटच्या डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. शाकाहारी फोंडंट सहज मिळतं.

तिसरं, चमक. सोनेरी-चंदेरी भुकटीच्या डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, झालं, खाता येतं. नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्याची वस्तू नव्हे. शाळेतले खडूही नॉन-टॉक्सिक असतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ च्या डिसेंबरात याच भुकट्यांबद्दल इशारा दिला होता. डबीवर "एडिबल" शब्द, घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा नंबर नसेल तर ती डबी राखी सजवायला वापरा. रंगांचंही तसंच. आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही मर्यादेत. गडद काळा, गडद लाल फोंडंट स्वतः रंगवत बसू नका, लेकरांच्या जिभा दोन दिवस निळ्या-काळ्या राहतात. फिका रंग द्या, दिसतोही छान.

चौथं, कार्टून. छोटा भीम, स्पायडरमॅन, डिस्नेच्या राजकन्या यांच्यावर कुणाचा तरी हक्क आहे. फोटो टाकून त्यांच्या नावाने ऑर्डर घेणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात पेरणी. गिऱ्हाइकाला सांगा, "जंगल सेट" करून देते, वाघ, मोर, हत्ती. ताडोबा दोन-अडीच तासांवर आहे, वाघ आपलाच आहे.

कर्जाबद्दल एकच वाक्य, कारण त्यावर वेगळा व्हिडिओ आहे: २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, अनुदानाची तरतूद केली होती, पण पहिले वीस डबे अनोळखी माणसांना पूर्ण भावाने विकले जाईपर्यंत मोठ्या ओव्हनसाठी बँकेत जाऊ नका. मावशी, काकू, वहिनी यांनी घेतलेले डबे यात धरायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी फोंडंट शिकवणारे सहसा बोलत नाहीत. बरीच मुलं फोंडंट सोलून बाजूला ठेवतात आणि खालची कुकी खातात. काही तर उलटं करतात! म्हणून थर दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि खालची कुकी अशी पाहिजे की नुसतीच खाल्ली तरी दुसरी मागावी. घरच्यांना विचारू नका, घरचे छानच म्हणतात. शेजारच्या बिल्डिंगमधल्या पाच लेकरांना बिनसजावटीची कुकी द्या आणि गप्प उभे राहून बघा.

आता या आठवड्याचं काम. बारा कुकीज करा, एकच आकार, दोन रंग. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, आणि फोन आला, दूध उतू गेलं, कोणी दार वाजवलं तरी तो थांबवू नका, कारण ऑर्डरच्या दिवशीही हे सगळं होणारच आहे. खर्च आणि मिनिटं वहीत लिहा, तासाचा आकडा काढा. आकडा १०० च्या खाली आला तर आधी बारीक काम कमी करा, मग पॅकिंग बघा, भाव त्यानंतर वाढवा. पुढच्या व्हिडिओत आपण पाकिटावरचं लेबल करू: पदार्थाचं नाव, घटक, गहू-दूध-सुकामेवा असल्याची सूचना, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, तुमचा पत्ता, नोंदणी नंबर. तुमच्या फोंडंटच्या डब्यामागचा फोटो काढून जवळ ठेवा, घटकांची यादी तिथूनच उतरवायची आहे.